लाल मोटारीवरचं लेबल

“निघालं का?” विमलबाईंनी दारातूनच विचारलं.

“निम्मं,” मी म्हणालो.

“मग राहू द्या निम्मंच. साहेबाला सांगा, निम्मी गाडी सरकारची आहे.”

एरवी मी हसलो असतो. पण माझ्या हातात खानझोडे साहेबांची लाल मोटार होती. वीतभर लांब, धातूची, दारं उघडणारी, काचेला वायपरसुद्धा असलेली. तिच्या टपावर त्याच सकाळी मी स्वतः चिकटवलेलं लेबल अर्धं फाटून बसलं होतं. ‘जडसंग्रह’ हा शब्द माझ्या नखात आला होता आणि ‘क्र. २१२’ टपावरच राहिला होता. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. साहेब दौऱ्यावरून चारला परतणार होते.

हे सगळं शहाऐंशी सालचं, हिंगोलीतलं. खातं कोणतं ते सांगत नाही, माझं निवृत्तिवेतन अजून तिथूनच येतं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा कनिष्ठ लिपिक होतो आणि परिवीक्षेचे सात महिने उरले होते. परिवीक्षा म्हणजे नोकरी लागलेली असते, पण ती तुम्हाला अजून ओळख देत नाही.

आमच्याकडे वर्षातून एकदा जडसंग्रहाची मोजणी होई. कार्यालयात जी जी वस्तू हलत नाही, खात नाही आणि रजेवर जात नाही, तिच्यावर नंबर घालायचा. नियम असा की नंबर ‘दर्शनी भागावर’ असावा. आधी हे काम पेंटर करायचा. त्या वर्षी मुख्यालयातून मागचा कागद सोलून चिकटवायची छापील लेबलं आली. मोठे बाबू मुलीच्या बाळंतपणाला गेले होते, म्हणून गठ्ठा माझ्याकडे आला. टेबलं झाली, खुर्च्या झाल्या, म्हणून मी माठावर लावलं, माठाच्या झाकणावर वेगळं लावलं, पिकदाणीवर लावलं. त्या भरात साहेबांच्या खोलीत शिरलो आणि टेबलावरच्या घंटीला २११ लावून झाल्यावर शेजारच्या लाल मोटारीला २१२ लावलं. दर्शनी भाग म्हणजे टप. टपावर पांढऱ्या गोलात शर्यतीच्या गाडीसारखा सात आकडा होता, त्यावरच बरोबर मधोमध.

जेवणाच्या सुट्टीत विमलबाई म्हणाल्या, “साहेबाच्या घरच्या गाडीलाबी लावलं का हो नंबर?”

विमलबाई जोंधळे आमच्या शिपाई. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर लागलेल्या, दहा वर्षं त्याच व्हरांड्यात. त्यांना सगळं माहीत असायचं आणि त्या ते नेहमी उशिरा सांगायच्या.

“घरची?” माझा घास तिथंच थांबला.

“मग. बदली झाली की मांडीवर घेऊन येतात ती. कुणाला फडकं मारू देत नाहीत. रोज सकाळी सोता रुमालानं पुसतात.”

खानझोडे साहेब ओरडत नसत. तीच अडचण होती. ओरडणाऱ्या माणसाचं केव्हातरी संपतं. साहेब फक्त “बसा” म्हणत, आणि त्यांच्यासमोर बसलेला माणूस उठताना बहुधा नोकरीत नसे. माझ्या आधी त्या जागेवर जो मुलगा होता, त्यानं बहिणीच्या परीक्षेसाठी दोन कार्बन कागद घरी नेले होते. तो बसला आणि गेला. साहेबांचा चहा घरून थर्मासमधून यायचा. सरकारी जीपमधून त्यांची बायको कधी बाजारालासुद्धा गेली नव्हती. अशा माणसाच्या खासगी वस्तूवर मी सरकारचा नंबर ठोकला होता. म्हणजे एकतर मी त्यांना चोर ठरवत होतो, नाहीतर त्यांची वस्तू सरकारात जमा करत होतो. दोन्हीला शिक्षा ‘बसा’ हीच होती.

“नखानं खरवडू नका,” विमलबाई आत येऊन म्हणाल्या. “रंग जाईल. रॉकेल आणू का?”

“रॉकेलनं रंग नाही जाणार?”

“माझ्या स्टोव्हचा तर गेला.”

मी टंकलेखनाच्या टेबलावरून थिनरची बाटली आणली. चुका झाकायच्या पांढऱ्या शाईत घालायचं थिनर. त्याला भयंकर वास असतो, आणि ज्याला भयंकर वास असतो त्यानं काहीतरी निघतंच, असा माझा समज होता. सुदैवानं एवढी अक्कल राहिली होती की आधी गाडी उलटी केली आणि चाकामागे, जिथं कुणाची नजर जाणार नाही अशा कडेला, काडीला कापूस गुंडाळून एक टिपका लावला.

कापूस लाल झाला.

मी बघतच राहिलो. एका टिपक्यात चाकामागचा रंग गेला होता आणि तांदळाएवढा राखाडी धातू उघडा पडला होता. हेच टपावर केलं असतं तर. घरी वडील निवृत्त होऊन बसलेले, माझ्या नोकरीचे पेढे वाटून झालेले. पेढे परत मागता येत नाहीत.

“स्टीलच्या ताटाचं स्टिकर कसं काढता?” विमलबाईंनी विचारलं.

“मी नाही काढत. आई काढते.”

“तेच म्हणलं. नवं ताट गॅसवर धरायचं जरासं, वरून खोबरेल चोळायचं. सरकतं आपोआप. गाडी गॅसवर धरता येत नाही, तर ऊन फडकं ठेवू.”

त्यांनी चहाच्या आधणातलं पाणी वाटीत आणलं आणि केसांना लावायची आपली तेलाची बाटली पिशवीतून काढली. आधी त्यांनी चाकामागे तेल लावून बघितलं. कापूस पांढराच राहिला. मग मी माझा रुमाल गरम पाण्यात बुडवून, पिळून, टपावर ठेवला. आम्ही दोघं त्या गाडीकडे असं बघत बसलो, जसं ताप आलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवून बसतात.

“काहून एवढे भेता?” त्या म्हणाल्या. “फार तर काय करतील? काढतील.”

“तेच.”

“माझा नवरा गेला तेव्हा मलाबी असंच वाटलं, आता संपलं. मग ही नोकरी लागली.”

यात माझ्यासाठी दिलासा कुठं होता ते मला अजून कळलेलं नाही.

तीनदा रुमाल पुन्हा गरम पाण्यात बुडवून ठेवला. तेलाचं बोट लेबलाच्या कडेवरून फिरवलं. फाटलेल्या कागदाची वळकटी होऊ लागली. खालचा चिकट थर मऊ पडला, आणि सव्वातीनच्या सुमाराला ‘क्र. २१२’ माझ्या अंगठ्याखाली एका बाजूनं उचलला गेला. मी श्वास धरून तो सोलत गेलो. निघाला. अख्खा निघाला. खाली पांढरा गोल आणि भोवतीचा लाल रंग जसाच्या तसा चमकत होता.

“बघा,” विमलबाई म्हणाल्या. “उगाच जीव काढला स्वतःचा.”

राहिला होता फक्त तेलकटपणा. मी रुमालाचं कोरडं टोक घेऊन हलक्या हातानं तो पुसला आणि माझ्या डोळ्यांसमोर पांढरा गोल, त्यातल्या सात आकड्यासकट, टपावरून बोटभर पुढे सरकला.

मी हात काढून घेतला. गोल तिथंच तिरका राहिला.

“हे काय केलं?” विमलबाईंनी हळूच विचारलं.

तो गोल रंगवलेला नव्हता. लहानपणी आम्ही पाण्यात भिजवून वहीवर उतरवायचो ना फुलपाखरं, तसलंच ते चित्र होतं. पातळ, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं. अर्ध्या तासाच्या ओल्या रुमालानं ते सुटलं होतं. मी ते बोटाच्या टोकानं मागे ढकलायला गेलो. ते मागे गेलं नाही, उलट आणखी बाजूला गेलं, आणि तेव्हा मला त्याच्या खालचं दिसलं.

पिवळ्या ऑइलपेंटनं, बारीक ब्रशनं, पेंटरच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: चा. प्र. कें. / जड / ४१७.

जडसंग्रहाचा नंबर होता तो. आमच्या कार्यालयाचा नव्हे. दर्शनी भागावर, नियमाप्रमाणे.

“काय लिहिलंय?” विमलबाईंना वाचता यायचं नाही.

“काही नाही,” मी म्हणालो.

त्याच वेळी आवारात जीप थांबली. चारला यायची जीप साडेतीनला आली होती. विमलबाई बाहेर धावल्या. “साहेब, चहा ठेवू का? सावलीत बसा जरा. आत झाडायचं चालू आहे,” असं त्या म्हणत असल्याचं ऐकू आलं. मग साहेबांचा आवाज, शांत: “दुपारी साडेतीनला झाडतात?”

ते दारात उभे राहिले. मी त्यांच्या टेबलाशी, त्यांच्याच टेबलावर पाणी सांडलेलं, एका हातात ओला रुमाल, दुसऱ्या हातात त्यांची गाडी. तेलाची बाटली उघडी. थिनरचा वास.

“सर, मी चुकून लेबल लावलं होतं. खासगी वस्तू आहे हे माहीत नव्हतं. काढलं मी. रंगाला काही झालेलं नाही, सर. चाकामागे थोडं...”

ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते टपाकडे बघत होते. त्यांनी मागे न वळता दार लावून घेतलं, विमलबाईंच्या तोंडावरच. मग ते आले आणि टेबलाच्या अलीकडच्या, भेटायला येणाऱ्यांच्या खुर्चीत बसले. ते मला ‘बसा’ म्हणाले नाहीत. स्वतःच बसले.

“वाचता येतोय?” त्यांनी विचारलं.

“काय, सर?”

“नंबर.”

“हो, सर.”

“वाचा.”

मी वाचला. ते ऐकत होते, जसं कोर्टात ऐकतात.

“मला वाटलं होतं, मी वर चित्र चिकटवल्यावर इतक्या वर्षांत उडाला असेल,” ते म्हणाले. “ते चित्र परत बसेल का?”

“ओलं आहे तोवर बसेल, सर. दहा मिनिटं फार तर. वाळलं की कडा वळतात, मग तुटतं.” मी थांबलो आणि म्हणालो, “बसवू का?”

त्यांनी गाडी पुसायचा रुमाल खिशातून काढला, आणि तसाच परत ठेवला. मी तोपर्यंत कधी कुठल्या साहेबाला असं गोंधळलेलं बघितलं नव्हतं. माझी भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली.

“चालक प्रशिक्षण केंद्रात होतो मी तेव्हा,” ते म्हणाले. “अकरा वर्षं झाली. एका मोठ्या टेबलावर रस्ते आखलेले होते, चौक, सिग्नल. त्यावर सहा मोटारी. ड्रायव्हर लोकांना समजवायला. माझा मुलगा सहा वर्षांचा होता. कमरेपर्यंत प्लास्टर, तीन महिने. त्याला लाल मोटार पाहिजे होती. शनिवारी मी ही घरी नेली. सोमवारी परत ठेवणार होतो.”

“हो, सर.”

“हो काय? ऐका. सोमवारी सकाळीच तपासणी आली. पाचच मोटारी. रात्रीची राखण लिंबाजी सोळंके नावाच्या माणसाकडे होती. रोजंदारीवर होता. त्याला विचारलं, तो म्हणाला, मला नाही माहीत. त्याला खरंच माहीत नव्हतं.”

मी गाडी टेबलावर ठेवली. चित्राची एक कड हलकेच वर येत होती.

“सर, कड वळायला लागलीय,” मी म्हणालो. “बसवू का?”

“त्याला काढला. एका ओळीचा आदेश होता. त्यावर सही कुणाची होती, सांगा.”

“मला कसं माहीत असणार, सर?”

“माझी.”

बाहेर व्हरांड्यात विमलबाईंच्या चपला वाजल्या आणि थांबल्या. खोलीत घड्याळ चालू होतं. मला त्या क्षणी लिंबाजी सोळंके नावाचा माणूस अजिबात दिसत नव्हता. मला फक्त तो पांढरा गोल दिसत होता. तो परत जागेवर गेला की काहीच झालेलं नसणार होतं. साहेबांचं झालेलं नसणार होतं, माझं झालेलं नसणार होतं, माझे सात महिने सरळ निघून गेले असते. उलट साहेब माझे मिंधे झाले असते. हे मी त्या वेळी विचार करून म्हणालो असं नाही. पण मी म्हणालो.

“सर, आत्ता बसवलं नाही तर परत नाही बसणार. कुणाला काही कळणार नाही. मी कुणाला सांगणार नाही. बसवतो ना?”

मी बोट पुढेही केलं होतं.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग माझ्या बोटाकडे बघितलं. ‘बसवा’ म्हणाले नाहीत, ‘नको’ही म्हणाले नाहीत. ते नुसते बसून राहिले. पंखा चालू होता. चित्राच्या कडा एकेक करून उठल्या, गोल आक्रसला, सातच्या पोटात बारीक चीर गेली. मग त्याचा एक तुकडा पंख्याच्या वाऱ्यानं उडून टेबलाच्या काचेवर, खालच्या सुट्ट्यांच्या यादीवर जाऊन पडला. त्याला दहापेक्षा जास्त मिनिटं लागली. माझ्या आयुष्यात तेवढी लांब मिनिटं नंतर कधी आली नाहीत, बायपासच्या आधीसुद्धा नाही.

“कागद घ्या,” साहेब म्हणाले.

“किती प्रती, सर?”

“चार. एक केंद्राला, एक मुख्यालयाला, एक फाइलला.”

“चौथी?”

“लिंबाजी सोळंकेंना.”

मी यंत्रावर कार्बन लावले. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. विशेषणं नव्हती. मोटार मी नेली होती, मी परत केली नाही, सोळंके यांचा संबंध नव्हता, आदेश मी काढला होता. मधे एकदा माझ्याकडून ‘नव्हता’च्या जागी ‘होता’ झालं. मी थिनरकडे हात नेला. “खोडू नका,” ते म्हणाले, “नवा कागद घ्या.” शेवटी मी विचारलं, “सर, पदनाम घालू का सहीखाली?” ते म्हणाले, “तेव्हा घातलं होतं.”

म्हणून घातलं.

पुढचं सांगायचं तर, साहेबांवर चौकशी बसली, दोन वर्षं चालली, वेतनवाढी थांबल्या आणि ते मधेच निवृत्त झाले. त्याआधी माझ्या नोकरीच्या कायमपणावर सही करून गेले. प्रशिक्षण केंद्राचं उत्तर चार महिन्यांनी आलं: सदर मोटार जडसंग्रहातून कमी करण्यात आली असल्यामुळे ती परत स्वीकारता येत नाही. मुख्यालयानं कळवलं की ती आमच्याकडेच ठेवावी. मोठ्या बाबूंनी मला तिच्यावर नंबर घालायला सांगितलं. मी पेंटर बोलावला.

पण पत्र टाइप केलं त्याच आठवड्यातला रविवार सांगायचा राहिला. साहेबांनी चौथी प्रत टपालानं पाठवली नाही. “पोस्टमन पत्र देऊन निघून जातो,” ते म्हणाले. “तुम्ही जा.” पत्ता साहेबांनी केंद्राच्या जुन्या हजेरीपटातून विचारून घेतला होता. दोन एसट्या बदलून मी गेलो. सबंध वाटेत मला वाटत होतं की तो माणूस सापडू नये.

तो सापडला. फाट्यावर सायकलींची पंक्चर काढायचा. चोर म्हणून काढलेल्या माणसाला राखणीला कोण ठेवणार? पन्नाशीचा असेल, डोक्याला फडकं, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. मी पत्र पुढं केलं. त्यानं हात पुसले, पण घेतलं नाही.

“मला नाही येत वाचाया,” तो म्हणाला. “तुमीच वाचा.”

मला वाटलं होतं पत्र द्यावं आणि परतीची एसटी धरावी. मी उभ्यानंच वाचलं. ज्या ओळी टाइप करताना माझी बोटं अडखळली नव्हती, तिथं जीभ अडखळली. त्यानं मधे काही विचारलं नाही. ट्यूब हातातच होती, तिच्यातलं पाणी त्याच्या पायावर गळत होतं.

“खाली सही कुणाची म्हनलात?”

मी पुन्हा वाचली.

“हां,” तो म्हणाला. “मला काढलं त्या कागदावरबी हेच नाव वाचलं होतं तिथल्या बाबूनं.”

फाट्यावरून एक ट्रक गेला. आता हा मला दगड मारणार, असं मला वाटलं. तसं काही त्याच्या तोंडावर नव्हतं, पण मी दोन पावलं मागे सरकलो.

“गाडी धुंडली कुणी मग?” त्यानं विचारलं.

“मी.”

“साहेबाच्या खोलीतून?”

“हो.”

त्यानं झोपडीकडे तोंड करून हाक मारली. “अगं, पानी आन. देवमानूस आलाय.” मग माझ्याकडे वळून, माझ्या शर्टाकडे, चपलेकडे, हातातल्या कागदाकडे बघत म्हणाला, “एवढ्या मोठ्या साहेबाचं उघडं केलं तुमी. भेव नाही वाटलं?”

बाई तांब्या घेऊन आली. मी तो उभ्यानं संपवला.

“नाही,” मी म्हणालो, आणि दुसरा तांब्या मागितला.